भाड्याचा मांडव

एप्रिल अर्धा सरला की नांदेडची दुपार पांढरी होते. रस्त्यावरचे रंगच उडतात. समोरच्या मेडिकलची हिरवी पाटी, कोपऱ्यावरच्या रसवंतीचा लाल पडदा, सगळं विटलेल्या ओढणीसारखं दिसायला लागतं. मी शिलाई मशीन खिडकीपासून आत ओढून घेते. कूलरच्या वाळ्याला पाणी मारलं की खोलीभर एक ओला, थोडा औषधी वास पसरतो. त्या वासात लग्नसराईचे ब्लाउज शिवता शिवता पापण्या जड होतात, आणि अर्धवट झोपेत मला हमखास पाणी दिसतं. त्याच्यावर हलणारी उन्हाची जाळी दिसते. त्या जाळीतून एक हात वर येतो, पुन्हा आत जातो.

पूर्वी ते पाणी कुठलं, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. आमच्या गावच्या विहिरीचं. देवणीच्या पुढे, कर्नाटकाची हद्द जिथून फार लांब नाही, तिथल्या आमच्या मळ्यातली पायऱ्यांची विहीर. हिरवं, गार, वरून बघितलं तर काळंच वाटणारं पाणी. आता त्या हिरव्यात एक निळं पाणी मिसळलंय. कुठलं कुठे संपतं ते मला सांगता येत नाही, आणि सांगायची घाईही नाही.

हात मात्र दोन्हीकडे एकच. माझ्या अक्काचा.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण महादेवी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. अप्पांनी तिला पोहायला शिकवलं ते पाठीला वाळका भोपळा बांधून. पहिल्याच उन्हाळ्यात तिने तो भोपळा सोडून दिला आणि तो एकटाच पाण्यावर तरंगत राहिला, असं अव्वा, म्हणजे आमची आई, सांगायची. मला आठवते ती त्यानंतरची अक्का. परकराचा काचा मारून वरच्या काठावरून मुटका मारणारी. ती पाण्यात शिरली की विहिरीच्या दगडी भिंती घुमायच्या, कपारीतली पारवं एकदम फडफडून वर उडायची, आणि मी खालच्या पायरीवर तिची ओढणी मांडीत घेऊन बसलेली असायची. पाणी पुन्हा शांत व्हायचं. अक्का दिसायची नाही. मी ओढणी घट्ट धरून पायरीवर उभी राहायची. मग विहिरीच्या दुसऱ्याच कोपऱ्यातून तिचं हसू यायचं, "सुमे, रडलीस का गं?"

गावातले दोघं-तिघं अप्पांना म्हणायचे, पोरगी मोठी झाली, आता बास करा. अप्पा दुकानात गूळ तोलत असायचे. "पोहू द्या की," एवढंच म्हणायचे आणि तागडी खाली ठेवायचे.

ती एकोणीस वर्षांची असताना निलंग्याकडचं स्थळ आलं. सगळं जमलं. मांडवाचे बांबू दारात येऊन पडले. त्याच आठवड्यात तिच्या मनगटावर एक पांढरा ठिपका दिसला. भिंतीला चुना देणं चाललं होतं. अव्वाला वाटलं तोच उडालाय. तिने पदर ओला करून पुसला, पुन्हा पुसला. मी शेजारीच उभी होते. अव्वाचा हात हळूहळू थांबला, ते मला आजही दिसतं.

बांबू परत गेले. कुणी भांडलं नाही, आरडाओरडा झाला नाही. निलंग्याहून निरोप आला आणि गडीमाणसं बांबू गाडीत भरायला लागली. त्या उन्हाळ्यानंतर अक्का विहिरीवर गेली नाही. कोड हातावरून दंडापर्यंत चढलं, मानेवर आलं, पायांवर उतरलं. उन्हात गेली की ते पांढरे भाग भाजल्यासारखे लाल व्हायचे. तिने पूर्ण बाह्यांची झंपरं घालायला सुरुवात केली. पुढे मी नांदेडला लग्न होऊन आले, शिवण शिकले, तेव्हा पहिला ब्लाउज शिवला तो अक्काचा. मनगटापर्यंत बाही, गळा बंद. तेव्हापासून तिचा एकेक ब्लाउज मीच शिवलाय. तिच्या हाताची लांबी मला मोजपट्टीशिवाय माहीत आहे.

अप्पा गेल्यावर ती लातूरला राहायला आली. तिथे गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायचं स्वप्न घेऊन शिकवण्यांना येतात. अक्काने त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाची मेस सुरू केली. भट्टीसारख्या तापलेल्या स्वयंपाकघरात पूर्ण बाह्यांत ती भाकरी थापायची. पोरी तिला अक्काच म्हणतात. कधी एखादीची आई भेटायला यायची, ताट वाढणाऱ्या त्या हाताकडे बघायची, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी बॅग भरायची. अक्का म्हणायची, "जाऊ दे. तिच्या जागी दुसरी येती." पोरी यायच्याही. पण बॅग भरणाऱ्या पोरीला ती बसच्या वाटेसाठी दशम्या बांधून द्यायचीच.

माझी गौरी दोन वर्षं तिच्याकडेच राहिली. परीक्षा मे महिन्यात झाली आणि ती नांदेडला परत आली, ती पहिले काही दिवस नुसती झोपलीच. कूलरसमोर आडवी, केस विस्कटलेले, तोंड उघडं. दोन वर्षांची झोप तिने त्या आठवड्यात घेतली. मी मशीन हळू चालवायची. तो उन्हाळा मला असा आठवतो, वाळ्याच्या वासाचा, पोरीच्या श्वासाचा, आणि फ्रिजमध्ये गार होत पडलेल्या आंब्यांचा.

एका संध्याकाळी ती उठून बसली आणि म्हणाली, "आई, आपण त्या रिसॉर्टला जाऊया. अक्कामावशीला घेऊन."

अहमदपूरच्या अलीकडे माळावर नवीनच काढलं होतं ते. किल्ल्यासारखी तटबंदी, दारावर सिमेंटचे हत्ती, आत पाळणे, घसरगुंड्या, पोहायचे तलाव, राहायच्या खोल्या. त्याची जाहिरात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. गौरीने सांगितलं, अक्काने ती जाहिरात तिच्या फोनवर पाहिली होती. पाळणे नाही, हत्ती नाही, नुसतं पाणी पुन्हा पुन्हा बघितलं होतं. आणि विचारलं होतं, "ह्यात बायका पोहतात का गं? म्हणजे, माझ्यावढ्या बायका?"

"आणि आई, गच्चीवरची टाकी टँकरने भरली की मावशी काय करते माहितीये? दिवस मावळला की वर जाते, बाह्या वर सारते आणि दोन्ही हात दंडापर्यंत पाण्यात घालून उभी राहते. किती तरी वेळ. मी एकदा वर गेले तर म्हणाली, पाणी स्वच्छ हाय का बघून राहिले."

मी सुईत दोरा ओवत होते. तो काही केल्या जाईना.

आमचे हे मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. उन्हाळा हाच त्यांचा हंगाम, सगळ्या गावाचे कूलर आणि पंप त्याच दोन महिन्यांत जळतात. माझीही लग्नसराई. एक दिवस दोघांनी काम बंद ठेवायचं म्हणजे तो खर्च आधीच झाला. तरी ते नाही म्हणाले नाहीत. जेवणाआधी गौरीचा फोन मधे ठेवून आम्ही तिघं हिशोबाला बसलो. रविवारी तिकीट महाग, म्हणून मंगळवार ठरला. गाडी करायची नाही, लालपरीने जायचं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तर सकाळी पोटभर खाऊन निघायचं आणि आत एकदाच जेवायचं. पोहायचे कपडे तिथे भाड्याने मिळतात, ते मी घरीच शिवायचे. एकेक करत सगळं बसत आलं. रात्री राहायची एक खोलीसुद्धा बसेल असं वाटलं. मग गौरीने दुसरंच चित्र उघडलं. तलावाच्या काठाला ओळीने कापडी छपरं. खाली दोन आरामखुर्च्या, एक पंखा, एक लहान कपाट, आणि पुढे पांढरा पडदा.

"आणि हे घ्यायचं," ती म्हणाली.

"ही कसली खोली?" यांनी विचारलं.

"खोली नाही बाबा. कबाना."

"मकबरा?"

"कबाना! पोहून आल्यावर सावलीत बसायला."

"म्हणजे सावलीचं भाडं." त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला. "आन् हे रात्रीच्या खोलीएवढं? खोलीत माणूस झोपतं तरी. इथं काय, संध्याकाळ झाली की उठा म्हणतेत. त्यापेक्षा दुकानातली मोठी छत्री घेऊन चला. लई सावली पडती तिची."

मला हसू आलं. खरं तर माझ्याही मनात तेच होतं. आमच्या मळ्यात लिंबाखाली अख्खं गाव बसायचं. सावली कुणाच्या मालकीची असते, असं कधी मनातच आलं नव्हतं. झाडं कमी झाली तसं हळूहळू सावलीला मोल आलं असेल. आता ती दिवसाच्या भाड्यावर मिळते, पंख्यासकट, आणि आधी पैसे भरावे लागतात.

गौरी हसली नाही. "बाबा, मावशीला ऊन चालत नाही. अर्धा तास उभी राहिली तरी भाजतं तिला. दिवसभर तिथे ती बसणार कुठे? तिकीट काढून आपण तिला भिंतीच्या सावलीत बसवायचं का? आणि कपडे बदलायला तिथे बायकांची एकच मोठी खोली आहे, सगळ्या सगळ्यांसमोर बदलतात. तिथे ती जाणारच नाही."

यांनी कूलरकडे बघितलं. तो आमचा कूलर, त्याच्या पत्र्याला खालून गंज लागलेला, त्या वर्षी नवा घ्यायचं ठरलं होतं. हे उठले, त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या अंगावर थाप मारली.

"ह्याला मी खालून पत्रा मारून घेतो," ते म्हणाले. "मोटार तर माझीच हाय, ती न्हाई जळत. राहायची खोली नको, सकाळी जाऊ, संध्याकाळी येऊ. घे तुझा मकबरा."

मैत्रिणींबरोबर हैदराबादला जायचं गौरीचं ठरलेलं होतं. तेही तिने त्याच संध्याकाळी मोडलं. मला ते नंतर कळलं.

अक्काला फोन केला तर ती लगेच म्हणाली, "मला काय करायचं तिथं? पोरीला घेऊन जावा तुम्ही. मी पापड घालून राहिले." फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच आला. इकडचं तिकडचं बोलली, पापडाला ऊन कसं चांगलंय, मेस कशी ओस पडलीय. मग म्हणाली, "सुमे, ते पोहायचं कापड कसलं असतंय गं?"

"नायलॉनचं. अंगाला चिकटत नाही, लगेच वाळतं."

"हं. बाह्या किती असतेत त्याला?"

"तू म्हणशील तेवढ्या. मीच शिवणार आहे."

फोनमध्ये मागे कुठे तरी पाण्याचा नळ सुरू होता, त्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"अर्ध्या शिव," अक्का म्हणाली.

गडद निळं कापड आणलं. ते मशीनखाली घसरत होतं, टाके सुटत होते. गुडघ्याखालपर्यंत विजार, वर सैल सदरा. बाही कापायची वेळ आली तेव्हा कात्री माझ्या हातात नुसतीच राहिली. माझ्या हाताला तिची मनगटापर्यंतची बाही पाठ होती. कोपराच्या वर थांबायचं म्हणजे काय, ते बोटांना कळेना. शेवटी मी खडूने रेघ ओढली आणि डोळे किलकिले करून कापून टाकलं. खाली पडलेली निळी चिंधी फेकवली नाही, मशीनच्या खणात ठेवली.

मंगळवारी अहमदपूरच्या स्टँडवर आम्ही भेटलो. अक्का लातूरच्या बसमधून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि भर उन्हात पायात मोजे. तिने गौरीच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलीस," म्हणाली, जी तिच्याच भाकरीवर दोन वर्षं वाढली होती तिला.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. पाण्यातल्या औषधाचा, तळलेल्या बटाट्याचा, तापलेल्या सिमेंटचा. गाणी मोठ्याने लागलेली. घसरगुंडीवरून माणसं किंचाळत खाली येत होती. आमच्या छपराचा नंबर शोधत आम्ही तलावाच्या काठाने गेलो, आणि अक्का एकदम थांबली. पाणी बघून. इतकं निळं पाणी तिने समोर कधी बघितलं नव्हतं. तळ दिसत होता, तळावरची फरशी हलताना दिसत होती.

"तळ दिसतोय की," ती हळूच म्हणाली. "विहिरीचा कधी दिसला न्हाई."

छपराखाली ती आरामखुर्चीवर बसली, पंख्याखाली पदर सैल केला, पडद्याचं कापड बोटांत धरून बघितलं. "मांडव झकास हाय," म्हणाली. मग माझ्याकडे बघून खुदकन हसली. "पडला म्हणायचा माझा मांडव शेवटी. भाड्याचा का असंना."

मी पिशवीतून कपडे काढायला वाकले. किती तरी वेळ वाकलेलीच राहिले.

हे बाहेर गेले. पडदा लागला. पाण्यावरून उसळलेलं ऊन छपराच्या आतल्या बाजूला येऊन नाचत होतं, पांढऱ्या कापडावर पाण्याच्या रेघा वाहत होत्या. त्या उजेडात अक्काने ब्लाउजची बटणं काढली. मी तिचे दंड लहानपणानंतर पहिल्यांदा बघितले. पांढरे आणि सावळे भाग एकमेकांत शिरलेले, कुठे टोकदार, कुठे गोल. डोळ्यांना त्याची सवय व्हायला क्षणभर लागला, आणि मग तो नुसता अक्काचा हात झाला. गौरीने डॉक्टरांनी सांगितलेलं मलम तिच्या मानेला, हातांना, पावलांना चोळलं. अक्का डोळे मिटून बसली होती. इतक्या वर्षांत तिला कुणी असं काही लावून दिलं असेल का, मला माहीत नाही.

तिने स्वतःच पडदा बाजूला केला.

पाण्याच्या पायऱ्यांवर ती एक-एक पाऊल टाकत उतरली. पाणी पोटरीला लागलं, कमरेला लागलं. ती थांबली. मला वाटलं, परत फिरते. आणि तिने खाली बुडी मारली. आवाजही झाला नाही. निळ्या पाण्याखालून एक निळी सावली सरकत गेली, माणसांच्या पायांमधून, आणि पार पलीकडच्या कडेला तिचं डोकं वर आलं. मी नकळत उठून उभी राहिले होते, विहिरीवर राहायची तशी. पन्नाशी उलटलेलं शरीर काही विसरलं नव्हतं.

ती परत येत होती तेव्हा काठावरच्या एका बाईने आपल्या पोराला दंडाला धरून पाण्याबाहेर ओढलं. पोरगं रडायला लागलं. आणखी दोघी उठल्या. अक्काच्या आजूबाजूला पाणी मोकळं होत गेलं. तिने ते बघितलं. पोहायची थांबली नाही, पण हात जरा जवळ घेऊन पोहायला लागली.

थोड्या वेळाने गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण सुपरवायझर आला. बिचारा घामाघूम झाला होता. काठावर उकिडवा बसून म्हणाला, "मावशी, जरा बाहेर येता का? तक्रार आलीय. त्वचेचा रोग असेल तर पाण्यात परवानगी नाही. तिकडे पाटीवर लिहिलंय."

"हे कोड आहे," गौरी म्हणाली, आवाज चढलेला. "ते लागत नाही कुणाला. तुम्ही कुठल्याही डॉक्टरला विचारा."

"मला कळतं हो ताई. पण गिऱ्हाईकं ऐकत नाहीत." त्याने आमच्या छपराकडे बोट दाखवलं. "तुम्ही तर कबाना घेतलाय. पडदा लावून आरामात बसा ना तिथे. सगळे पैसे त्याचेच तर आहेत."

मी काही तरी बोलायला पुढे झाले. अक्काने पाण्यातून हात वर करून मला थांबवलं. ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती, केस कपाळाला चिकटलेले. रागावलेली वाटत नव्हती. मेसमधल्या नव्या पोरीला घरातले नियम सांगताना बोलते, तशी बोलली.

"बाबा, ती सावली आम्ही उन्हासाठी घेतली हाय. माणसांपासनं लपायला न्हाई घेतली. लपायचं असतं तर लातूरला घर हाय माझं. त्याला भाडं पडत न्हाई."

तो उठला. डोकं खाजवलं. "विचारून येतो," म्हणाला आणि ऑफिसकडे निघून गेला. तो काही परत आला नाही. त्याला तिथे काय सांगितलं, की त्याने विचारलंच नाही, कोण जाणे. मला वाटतं त्याने विचारलं नसावं.

पोराला ओढून नेणारी बाई दुसऱ्या तलावाकडे गेली, ती दिवसभर इकडे फिरकली नाही. काही जण राहिले. काही नवीन आले, त्यांना काही माहीतच नव्हतं, ते बिनघोर पाणी उडवत राहिले. अक्का थोडं पोहायची, कातडी चुरचुरायला लागली की सावलीत येऊन बसायची, गौरी पुन्हा मलम लावायची, आणि ती पुन्हा जायची. सावलीने तिचं काम चोख केलं. बाकीचा वेळ तिथे आमचे हे झोपले होते. पंख्याखाली, आरामखुर्चीवर, तोंडावर टॉवेल टाकून, घोरत. हंगामात त्यांना दुपारची झोप माहीतच नसते. गौरी म्हणाली, "बाबा, मकबऱ्यात झोप चांगली लागते का?" ते टॉवेलखालूनच म्हणाले, "लई."

दुपार कलली तशी मोठ्या घसरगुंडीची सावली तलावावर आडवी आली. अर्धं पाणी निळं, अर्धं गडद. त्या गडद अर्ध्यात अक्का पाठीवर पडली, दोन्ही हात पसरून, अर्ध्या बाह्यांतून निघालेले ते चितारल्यासारखे हात, आणि डोळे मिटून तरंगत राहिली. गाणी वाजत होती, माणसं ओरडत होती, तिच्यापर्यंत काही पोचत नसावं. कानात पाणी गेलं की जग कसं लांब जातं ते तिनेच मला लहानपणी सांगितलं होतं. एक चिमुरडी, दोन वेण्यांची, तिच्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, पाण्यावर झोपता येतं?"

अक्काने एक डोळा उघडला. "येतं की. मान ढिली सोड आधी." आणि तिने त्या पोरीच्या मानेखाली आपला हात धरला. पोरगी बुडाली, नाकात पाणी गेलं, खोकली, पुन्हा आली. तिची आई काठावर बसून बघत होती. उठली नाही. थोड्या वेळाने तिने आपलेही पाय पाण्यात सोडले.

मी पोहत नाही. मी त्या दिवशीही काठावरच बसले होते, पायरीवर. तरी संध्याकाळी बसमध्ये माझ्या अंगाला पाण्याचा वास येत होता. अक्काची बस आधी सुटली. खिडकीतून तिने हात हलवला, बाही मनगटापर्यंत परत आली होती, पण ओल्या केसांवरचा पदर खाली सरकला होता आणि तिने तो वर घेतला नव्हता.

आता त्या उन्हाळ्याला काही वर्षं झाली. गौरीला डॉक्टरकीला जागा मिळाली नाही, ती संभाजीनगरला फिजिओथेरपी शिकते आणि खूश आहे. कूलर अजून तोच आहे, खालून पत्रा मारलेला. अक्काची मेस चालू आहे, पोरी येतात, एखादी जातेही. तिच्या ब्लाउजच्या बाह्या मी आता दोन मापांच्या शिवते, उन्हात जायच्या वेगळ्या आणि घरात घालायच्या वेगळ्या. घरातल्या कोपराच्या वर थांबतात.

काल दुपारी डुलकी लागली होती, पाणी नुकतंच दिसायला लागलं होतं, आणि तिचा फोन आला. पोरींच्या परीक्षा जवळ आल्यात, पुढच्या महिन्यात मेस रिकामी होईल, गौरी कधी येतेय, असं सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "सुमे, यंदा रिसॉर्टला जायला मी बी पैसे घालणार हाय. पण तो मांडव नको."

माझी झोप उडाली. "का गं? कुणी काही बोललं का?"

"कोण बोलतंय. मी हिशोब केला. तेवढ्याच पैशात रात्रीची खोली येती. सकाळी ऊन चढायच्या आत पोहायचं, संध्याकाळी ऊन उतरलं की परत पोहायचं. एका दिवसाचं दोनदा होतंय."

"आणि दुपारी काय करायचं?"

तिकडे ती हसली. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणी पोरगी 'अक्का' म्हणून हाक मारत होती, तिने तिला थांब म्हटलं.

"दुपारी झोपायचं, सुमे," ती म्हणाली. "सुट्टीला गेलेली माणसं दुपारी झोपतेत."